लोटूचा भाचा

तर तो रुळाचा तुकडा बैलगाडीत चढवताना माझ्या पायाचा अंगठा चेचला, इथपर्यंत काल सांगून झालं होतं. मग तुमच्या आजीने जेवायला हाक मारली, आणि तिची हाक म्हणजे स्टेशन मास्तरची हिरवी झेंडी, गाडी सोडावीच लागते. अंगठा अजून वाकडाच आहे. पाहून घ्या एकदा, म्हणजे पुढचंही खरं वाटेल.

तो तुकडा आमच्या चांदनी स्टेशनामागे गवतात पडून होता. बऱ्हाणपुरात तेव्हा नवं कॉलेज निघालं होतं. स्वराज्याचं वारं नवं होतं, संस्थानं विलीन होत होती, नकाशे बदलत होते, आणि गावालाही वाटलं की आपली पोरं शिकायला नागपूर-जबलपूरला कशाला घालवायची. लोकांनी वर्गणी काढली, नगरपालिकेने जुनी धर्मशाळा दिली, सरकारने अनुदान कबूल केलं. सगळं झालं, पण घंटा नव्हती. मग स्टेशन मास्तरला विचारून मी तो तुकडा सरपणाच्या गाडीतून नेऊन दिला. कडुलिंबाच्या फांदीला साखळीने टांगून त्यावर पहिला हातोडा ज्याने मारला तो लोटू, कॉलेजचा चपराशी. आजची गोष्ट त्याची आहे.

तुम्ही म्हणाल, तुम्ही तर चौथी पास, तेही गावच्या शाळेत, तुम्हाला कॉलेजातलं काय ठाऊक. तर ऐका, कॉलेजात मी कितीएक वर्षं जात होतो. मागच्या दाराने. वसतिगृहाच्या मेसला लाकडं माझ्याच गाडीतून जायची. पुढच्या दाराने गेलेल्यांना फक्त प्रोफेसर काय बोलतात ते कळायचं. मागच्या दाराने गेलेल्याला चूल पेटली की नाही ते कळतं.

लोटूच्या नावाचं आधी सांगतो, नाहीतर तुम्ही हसत बसाल. त्याच्या आईची आधीची मुलं जगली नव्हती. आमच्याकडे अशा घरात मूल झालं की त्याला सुपात घालून सुपडू म्हणायचं, नाहीतर उकिरड्यावरून लोटायचं आणि नाव ठेवायचं लोटू. म्हणजे यमाला वाटावं, हे टाकाऊ दिसतंय, कशाला न्या. तर हा लोटू जगला, आणि त्याच्यामागून एक बहीणही जगली, मालूबाई. तिला जसोंडी गावात दिली होती. नवरा दगा, कोरडवाहू कापसाचा शेतकरी, दोन मुली. लोटूची स्वतःची बायको पहिल्याच बाळंतपणात गेली. मूल नाही. दुसरं लग्न केलं नाही. वर्षातून एकदा भाऊबीजेला जसोंडीला जायचा, भाच्यांसाठी मावा-जिलबीचा पुडा घेऊन, आणि परत आल्यावर आठवडाभर मला सांगत राहायचा की धाकटी कशी त्याच्या मिशा ओढते. एवढाच त्याचा संसार. मी त्याला म्हणायचो, लोटूभाऊ, तुझा संसार एका पुड्यात बांधून होतो.

कॉलेज सात-आठ वर्षं बरं चाललं. मग छप्पन साल आलं. राज्यं नव्याने बांधली गेली. आम्ही निजलो नागपूरचे आणि उठलो भोपाळचे. गाव तिथंच, तापी तिथंच, पण सरकारी कागद उठले आणि चालायला लागले. कॉलेजच्या अनुदानाची फाइल नागपुराहून निघाली ती भोपाळला पोहोचलीच नाही. कोणी म्हणे इटारशीला उतरली, कोणी म्हणे पोहोचली पण तिला बसायला खुर्ची मिळाली नाही. प्रोफेसर अर्ध्या पगारावर आले. चपराशांचा पगार आज होईल, उद्या होईल, असा ओढत चालला. दिवाळी झाली आणि मेसची चूल थंड झाली. माझी लाकडं अंगणात तशीच रचून पडली होती.

तेव्हाचे प्रिन्सिपॉल प्रभाकरराव. माणूस वाईट नव्हता. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढे तुम्हाला वाटेल की होता. त्यांनी वसतिगृहातली मुलं अंगणात गोळा केली आणि सांगितलं, पैसे नाहीत म्हणून एकही मुलगा घरी जाणार नाही. फी थांबेल, पण शिकवणं थांबणार नाही. मग गावातल्या व्यापाऱ्यांना भेटले. जिनिंग कारखान्याच्या फाटकाशी एक पोतं ठेवलं, कापसाच्या येणाऱ्या प्रत्येक गाडीने त्यात ओंजळभर कापूस कॉलेजसाठी टाकायचा. आणि मुलांच्या जेवणाला जुनाच मार्ग काढला, वार लावायचे. म्हणजे मुलाने सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या, असा आठवडा भरायचा. पूर्वी पाठशाळेतली मुलं अशीच जगायची.

घरं शोधण्याचं काम लोटूकडे आलं, कारण पत्रं वाटून वाटून त्याला गावातला प्रत्येक उंबरा माहीत होता. पण वार लावणं म्हणजे सोयरीक जमवण्यासारखं. कोणत्या घरी कोणत्या जातीचा मुलगा चालतो, कोण पंगतीला घेतं, कोण ओट्यावर वाढतं, कोण कांदा-लसूण खात नाही, हे सगळं बसवावं लागतं. लोटूने बसवलं. गुजरांचे गुजरांकडे, माळ्यांचे माळ्यांकडे, ब्राह्मणाचा एक होता तो दर गुरुवारी साजूक तूप खाऊन यायचा आणि बाकीच्यांना त्याचा वास द्यायचा.

एकच मुलगा उरला. गोटू. डोईफोडियाच्या पलीकडे जंगलाला लागून एक वस्ती आहे, तिथला कोरकू आदिवासी. खंडव्याला सरकारी वसतिगृहात राहून मॅट्रिक झालेला. त्यांच्या मुलखातून कॉलेजात आलेला तो पहिला. अंगाने बारीक, बोलायला कमी, आणि मराठी अशी स्वच्छ बोलायचा की माझ्या मराठीला लाज वाटावी. मार्चमध्ये त्याची इंटरची परीक्षा होती. इंटर पास झाला की सरकारी नोकरीचं दार उघडणार होतं, आणि तोवर जेवायचं होतं. त्याला वार द्यायला एक घर मिळेना.

लोटूने प्रभाकररावांना सांगितलं. ते टेबलावरची शाईची दौत फिरवत म्हणाले, "लोटू, एकही मुलगा उपाशी घरी जाता कामा नये, असं मी सगळ्यांसमोर बोललोय. याचं काय करायचं ते तू बघ. कसं केलंस ते मात्र मला सांगू नकोस."

शिकलेला माणूस, बघा. वाक्य कसं धुऊन वाळवून दिलं.

काही दिवस लोटूने त्याला स्वतःच्या खोलीवर जेवू घातलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा, दोघांत मिळून. पण पगार नाही, कणगीत दाणे नाहीत. एके दिवशी तो गोटूला घेऊन थेट भाईदासशेठच्या वाड्यावर गेला. भाईदासशेठ म्हणजे जिनिंगचे मालक, केळीच्या वॅगनी भरून दिल्लीला पाठवणारे, कॉलेज कमिटीचे अध्यक्ष. जिनिंगच्या फाटकावरचं पोतं त्यांचंच. त्यांच्या घरी एक वार मिळाला की गावातलं कुठलंही घर पुढचं विचारत नसे.

दारात त्यांच्या मंडळी मथुराबाई उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, हा कुणाचा रे लोटू.

लोटू मला पुढे म्हणाला की त्याने काही ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, माझा भाचा आहे.

झालं. पुढचं दार उघडलं. चपराशाचा का असेना, पण पंगतीला चालणाऱ्या जातीचा भाचा. मथुराबाईंनी त्याच दिवशी पाट मांडला. आठवड्याभरात गोटूचे सगळे वार भरले. मला लोटूने हे सांगितलं तेव्हा मी गाडीच्या जूवर बसून इतका हसलो की बैल मान वळवून बघायला लागले. मला वाटलं, वा रे पठ्ठ्या, प्रिन्सिपॉलला जमलं नाही ते तू एका शब्दात केलंस.

पोरगाही असा की कोणालाही आवडावा. जेवला की ताट स्वतः घासायचा. मथुराबाई हयातभर पुरुषांची उष्टी ताटं उचलत आलेल्या, त्यांना हे नवल. त्यांनी विचारलं आई काय करते, तर म्हणाला शेतात जाते. खरंच होतं. बाप काय करतो, तर गुरं राखतो. तेही खरंच. त्यांनी जे विचारलं नाही ते त्याने सांगितलं नाही. आणि लोटूला तो सगळ्यांसमोर मामा म्हणायचा. आधी शिकवलेलं म्हणून म्हणत असेल, पण मग मी बघायला लागलो की कोणी नसतानाही म्हणतो. एकदा मी लाकडं उतरवत होतो, तर हा मागून आला आणि लोटूच्या हातातली बादली घेऊन म्हणाला, मामा, तुमचा गुडघा दुखतोय, बसा. लोटू बसला. आणि माझ्याकडे असा पाहून हसला, जसा काही त्याला भोपाळहून फाइल मिळाली.

मग संक्रांत आली. भाईदासशेठच्या अंगणात मोठी पंगत होती. खापरावरचे मांडे, आमरसाचे दिवस नव्हते म्हणून दूध, आणि पाहुणे गावोगावचे. गोटूचा त्या दिवशी तिथलाच वार, आणि लोटूलाही बोलावणं. आता इथे आमच्याकडची रीत सांगायला हवी. तुम्ही पोरं शहरात वाढलात, तुमच्या मामांना तुम्ही गुडघ्याला हात लावून टाटा करता. आमच्याकडे उलटं. भाचा म्हणजे देवाच्या ठिकाणी. सणाला भाचा पानावर बसला की मामाने त्याचे पाय धरायचे, मग वाढायचं. मामा सत्तरीचा असो, भाचा सहा महिन्यांचा असो. आणि भाच्याने मामाचे पाय धरले तर मामाला पाप.

मथुराबाईंनी पंगतीत सगळ्यांसमोर म्हटलं, लोटूदादा, भाचा पहिल्यांदा सणाला जेवतोय, तू पाय धरल्याशिवाय मी वाढायचं कसं.

लोटू सांगायचा की तो उठला तेव्हा गोटू पाटावरून मागे सरकत होता. त्याच्या डोळ्यांत भीती होती. लोटूने वाकून दोन्ही हातांनी त्याचे पाय धरले आणि कपाळ टेकवलं. पंगतीने बघितलं, मथुराबाईंनी वाढलं, सगळे जेवले. मी विचारलं, तुला काही वाटलं नाही का. तर म्हणाला, नाही, थंड होते त्याचे पाय, अनवाणी आला होता ना.

हे सगळं असंच मार्चपर्यंत निभलं असतं. पण लोटूने एक गोष्ट ध्यानात घेतली नव्हती, आणि मीही नाही, हसण्याच्या नादात. भाचा आकाशातून पडत नाही. भाचा असला की बहीण लागते. आणि लोटूला बहीण एकच होती.

संक्रांतीनंतर दगा कापसाची गाडी घेऊन जसोंडीहून जिनिंगला आला. ओंजळभर कापूस पोत्यात टाकला. भाईदासशेठ तिथंच खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी ओळखलं, हा लोटूचा मेहुणा. मोठ्या प्रेमाने म्हणाले, दगा, तुझा मुलगा आमच्याकडे जेवतो हां, बहोत अच्छा लडका है, बापाचं नाव काढेल. दगा म्हणाला, शेठ, मला दोन मुलीच. शेठ म्हणाले, अरे, कॉलेजात शिकतो तो, लोटूचा भाचा. आजूबाजूला गाडीवाले होते. त्यांच्यातला एक हसला. बस, तेवढंच. एक माणूस हसला.

ते हसू दगाच्या गाडीतून जसोंडीला गेलं. गावात बोलायला काय लागतं. मालूचा एक पोरगा बऱ्हाणपुरात आहे म्हणे, कॉलेज शिकतो म्हणे, नवऱ्याला माहीत नाही म्हणे. दगाने बायकोच्या हातचं जेवण सोडलं. स्वतः भाकरी थापायला लागला, ओट्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी.

मालूबाई आली तेव्हा मी कॉलेजच्या मागच्या अंगणातच होतो. जसोंडीहून पायी आली होती, धुळीने पाय पांढरे. लोटू तासाची घंटा देऊन परत येत होता. तिला पाहून त्याचा चेहरा आधी खुलला, कारण ती कधीच त्याच्याकडे येत नसे. मग त्याने तिचे डोळे पाहिले.

"मले पोरगा देला तू?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "दोन पोरींवर मी नवस करत फिरली, देवानं नाही देला. तू देला. ईचारलं काहून नाही मले?"

लोटू म्हणाला, मालू, पोरगा उपाशी होता.

"असन. अन् माह्या पोरींले सून कोन करन आता?"

लोटू म्हणाला की मी येतो जसोंडीला, दगाला समजावतो, पाया पडतो त्याच्या. ती म्हणाली, "तू येऊ नको. तू आला तं लोक म्हनतीन, पोराचं जमवाले आला. भाऊबीजेलेबी येऊ नको. ओवाळाले ताट करनार नाही मी." आणि पाणीसुद्धा न घेता परत फिरली. मी म्हटलं, माई, गाडी जोडतो, सोडतो तुला. तर माझ्याकडे असं पाहिलं की मी बैलाचा कासरा हातात धरून तसाच उभा राहिलो. परक्या माणसाच्या गाडीत बसून गावात शिरायची तिला आता सोय राहिली नव्हती.

इकडे भाईदासशेठही गप्प बसणारे नव्हते. दगाने नाही म्हटल्यावर त्यांच्या मनात किडा वळवळला. पुढच्या वाराला गोटू जेवायला आला तेव्हा ताट मांडायच्या आधीच त्यांनी त्याला विचारलं, तू कुणाचा. आणि त्याने सांगितलं. नाव, वस्ती, बाप, जात, सगळं. शेठ म्हणाले, इतके दिवस का नाही बोललास. तर म्हणाला, आज विचारलंत.

मथुराबाईंनी चूल सारवली. गोमूत्र शिंपडलं. पण शेजारीण सांगत होती की सारवताना त्या रडत होत्या, आणि कशासाठी ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

शेठनी कमिटी बोलावली. ती कॉलेजच्या ओसरीतच भरली, आणि माझी गाडी अंगणात उभी होती. लाकडं परत न्यायला आलो होतो मी, मेस काही सुरू होत नाही म्हणून. शेठ हुशार. ते म्हणाले, जातीपातीचं मी काही बोलत नाही, स्वराज्य आलं आहे, कायदा आहे. मी फसवणुकीचं बोलतो. कॉलेजचा नोकर माझ्या घरात खोटं बोलून माणूस घुसवतो, आणि त्या कॉलेजला मी पोतं ठेवतो. देखो साहेब, पोतं आज उचलतो. व्यापारी माझ्या मागे आहेत.

पोतं उचललं म्हणजे काय, ते तिथं प्रत्येकाला कळत होतं. प्रोफेसरांचा अर्धा पगार त्यातून निघत होता. चाळीसेक मुलांची परीक्षेची फी त्यातूनच भरायची होती. शेठनी प्रभाकररावांना विचारलं, तुम्हाला हे माहीत होतं का.

प्रभाकरराव खिडकीकडे पाहत म्हणाले, कचेरीला अशी माहिती नव्हती.

मी लोटूकडे पाहिलं. तो त्यांच्या खुर्चीमागेच उभा होता, पाण्याचा तांब्या धरून. त्याने त्यांना पाणी ओतून दिलं.

मग तोडगा निघाला. शेठनीच काढला. नोकर काढायचा नाही, मुलगाही काढायचा नाही, गावात बोभाटा नको. मुलाने परीक्षा द्यावी, फी कॉलेज भरेल, जेवणाला शेठ वेगळा शिधा देतील, कोरडा, वसतिगृहातच शिजवून खावा. पोतं राहील. फक्त एक झालं पाहिजे, शेठ म्हणाले. माझ्या अंगणात, माझ्या पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर याचे पाय धरले गेलेत, भाचा म्हणून. ते मोडलं पाहिजे. आता या मुलाने इथं, सगळ्यांसमोर, लोटूचे पाय धरावेत. म्हणजे नातं नव्हतं हे आपोआप सिद्ध होईल. लोटूच्या बहिणीवरचा बोलही जाईल. लोटूने काही करायचं नाही, बोलायचंही नाही. नुसतं उभं राहायचं.

ऐकायला किती सोपं होतं ते. प्रोफेसरांनी माना डोलावल्या. त्यातले दोघे तर म्हणाले, शेठ मोठ्या मनाचे.

गोटूला बोलावलं. तो ओसरीच्या पायरीशी येऊन उभा राहिला. प्रभाकररावांनी त्याला सगळं समजावलं, आणि परीक्षेचा शब्द दोनदा उच्चारला. लोटू तांब्या खाली ठेवून पुढे आला आणि म्हणाला, साहेब, हे मला नाही जमणार, मला काढून टाका. तो एक पाऊल मागेही सरला, जसा संक्रांतीला गोटू सरकत होता. मला वाटलं, आता हा निघून जाणार, आणि मी मनात म्हटलं, जा, जा, लोटूभाऊ, गाडी उभी आहे.

पण पोरगा त्याच्या आधी हलला. पायऱ्या चढून आला, लोटूसमोर वाकला आणि त्याचे पाय धरले. काही तरी पुटपुटला. मी अंगणात होतो, मला ऐकू आलं नाही. उठला, शेठना नमस्कार केला, प्रिन्सिपॉलना नमस्कार केला आणि वर्गात जाऊन बसला. पुढचा तास इंग्रजीचा होता. लोटूने घंटा दिली.

त्यानंतर काय, सगळं ठीकच झालं की. पोतं राहिलं. गोटू इंटर पास झाला, वरच्या श्रेणीत, आणि निकाल घेऊन गेला तो परत आला नाही. बैतूलकडे कुठे तरी सरकारी नोकरीला लागला असं कोणी सांगितलं. पत्र नाही, चिठ्ठी नाही. पुढच्या वर्षी भोपाळला फाइल सापडली, अनुदान आलं, थकलेले पगार मिळाले, मेसची चूल पेटली आणि माझी गाडी परत सुरू झाली. मी तर पेढे वाटले. कॉलेजला दगडी फाटक आलं, त्यावर भाईदासशेठच्या वडिलांचं नाव. रौप्यमहोत्सव झाला तेव्हा मीही गेलो होतो, पुढच्या दाराने, पहिल्यांदाच. एका पाहुण्याने भाषणात सांगितलं की संकटाच्या काळातही या संस्थेने एकाही विद्यार्थ्याला उपाशी परत पाठवलं नाही. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, कारण ते खरंच होतं. प्रभाकरराव निवृत्त होऊन पुण्याहून आले होते. त्यांना शाल दिली. लोटू खुर्च्या लावत होता.

मालूबाईचं म्हणाल, तर दगाने तिच्या हातचं पुन्हा खायला सुरुवात केली. शेठनी मुनिमाला जसोंडीला पाठवून चार लोकांत सांगितलं होतं की लोटू खोटं बोलला, पोरगा जंगलातला आहे. पण तिने ताट केलं नाही. दर भाऊबीजेला लोटू नवा सदरा घालून खोलीच्या दारात बसायचा आणि संध्याकाळी काढून ठेवायचा. तिच्या मुलींची लग्नं झाली. त्याला अक्षत आली नाही. मामाशिवाय लग्न कसं लागलं, अंतरपाटाशी नवरीमागे कोण उभं राहिलं, तो मला विचारायचा, जसं काही मला ठाऊक असणार. मी खोटंच सांगायचो, चुलत मामा होता म्हणे.

तो नोकरीतून सुटला त्या वर्षी आम्ही दोघे राजघाटावर पायऱ्यांवर बसलो होतो. तापीला पाणी कमी होतं, म्हशी बसल्या होत्या. मी तसा उगाच बोलणारा माणूस, तुम्हाला माहीतच आहे. मी म्हटलं, लोटूभाऊ, एवढं काय मनाला लावून घेतलंस. कॉलेज वाचलं, तुझी नोकरी वाचली, पोरगा पास झाला. तुला नुसतं उभं तर राहायचं होतं.

त्याने बिडी विझवली आणि जे म्हणाला ते शब्द मी जसेच्या तसे देतो.

"तू गाडीपाशी होता, तुले आयकू नसन आलं. तो वाकला, माह्या पायाले हात लावला, अन् हळूच बोलला, माफ करा साहेब. साहेब बोलला मले. घंटा देनाऱ्या चपराशाले. सकाळी पानी भरतानी मामा म्हनत होता. त्याच्यानंतर मले कोनीच मामा म्हनलं नाही, मालूच्या पोरींनीबी नाही."